माझ्या झाकणातले परवाने

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मगच पुढे वाचा. मी एक जुना बर्फाचा डबा आहे. अंग निळं, झाकण पांढरं. म्हणजे एके काळी पांढरं होतं, आता त्याचा रंग कुणी विचारू नये. मस्कतच्या वादी कबीर भागात सिराजभाईंचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज आहे. तिथल्या फळीवर, गंजलेल्या कॉम्प्रेसरांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. आठवडाभर मी तिथे झाकण उघडं टाकून वाळत पडतो आणि शुक्रवारी पहाटे समुद्रावर जातो.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. एका दिवसात आम्ही तीनशे भाऊ जन्मलो. त्यातले बरेचसे सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनी उचलले. त्यांच्या वाट्याला सरबताच्या बाटल्या आणि कलिंगडाच्या फोडी आल्या. माझ्या वाट्याला आमिषाची माखूल आणि सडक्या तारल्या. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. आता नाही वाटत. कलिंगडाच्या संगतीत राहून कुणी शहाणं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सिराजभाई मूळचे रत्नागिरीचे, खाडीकाठचे. त्यांनी मला विकत घेतलं त्याला अठरा वर्षं झाली. माझी कडी तुटली तेव्हा त्यांनी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, वळून नवी कडी केली. बिजागरी गेली तेव्हा मोटारीच्या दाराचं रबर कापून बसवलं. आज मी निम्मा डबा आणि निम्मी मोटार आहे. पण फेकून द्यायची भाषा त्यांनी कधी केली नाही. त्यांच्या बायकोने, सुरैयाभाभींनी, केली. दर रमझानच्या साफसफाईला करतात.

आता माझ्या खऱ्या मोठेपणाचं सांगतो. माझ्या झाकणाला आतल्या बाजूने एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आहे. पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेली, वर चेन. तिच्यात कागद राहतात. ओमानमध्ये हौसेखातर गरवायचं, म्हणजे गळ टाकून मासे धरायचे, तरी सरकारी परवाना लागतो. आमच्या टोळीतल्या प्रत्येकाचा परवाना त्या पिशवीत असतो. शिवाय प्रत्येकाच्या रेसिडेंट कार्डाची झेरॉक्सही. आखातातल्या माणसाला झेरॉक्स जवळ असल्याशिवाय झोप लागत नाही. खरं सांगू का मित्रांनो, माझ्या पोटात जेवढे मासे आले नसतील तेवढे झाकणात कागद आलेत.

सिराजभाईंचा कायदा एकच. आधी लायसन, मग तंगूस. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे जैनुद्दीन निझवाहून दीड-दोन तास गाडी हाणत आले. परवाना काढायचा राहून गेला होता. सिराजभाईंनी त्यांना किनाऱ्यावर चहा दिला, खजूर दिले, पण तंगुसाला बोट लावू दिलं नाही. मेहुणे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. सुरैयाभाभी तीन महिने बोलल्या नाहीत.

नवशिक्यांना शिकवायची त्यांना भारी हौस. आजवर सतरा नवशिके माझ्यावर बसून शिकले. माझ्यावर बसूनच, कारण दुसरी खुर्ची नाही. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी पहिल्याच फेकीला स्वतःच्या पँटचा खिसा धरला आणि "मोठा लागला, मोठा लागला!" म्हणून नाचले. त्यांच्या नाचण्याने माझ्या झाकणाला चीर गेली, ती अजून आहे. पण गळ हातात यायच्या आधी प्रत्येकाला सिराजभाईंचं भाषण ऐकावं लागतं.

"परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच गरवायचं. नवऱ्याच्या परवान्यावर बायको नाही, बापाच्या परवान्यावर मुलगा नाही. मासा घरी खायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचा नाही. सुरमईची बंदी असेल तेव्हा सुरमई स्वतः येऊन पाया पडली तरी सोडायची. आणि परवान्यावरची तारीख बघत जा रे बाबांनो, तारीख!"

अठरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांना तारीख बघायला सांगत होता.

आमचे अठरावे नवशिके म्हणजे जयप्रकाश. सगळे त्यांना जेपी म्हणतात. पुण्याचे. एका विमा कंपनीत लोकांचे कागद तपासायचं काम करतात. कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय हातातून सोडत नाहीत. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा सगळं वाचतात, मग ताप उतरला तरी चालेल. घरात मासा कधी शिजला नाही. पण डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "दिवसभर कागद बघता, आठवड्यातून एकदा लांबचं काहीतरी बघा." त्याच दिवशी ते एसी बिघडलेली गाडी घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आले आणि त्यांनी मला पाहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी नाक मुरडत विचारलं.

"हे आमचं कॉलेज," सिराजभाई म्हणाले. "नाव घालायचंय काय?"

घातलं. चार दिवसांत परवाना काढला, लॅमिनेट केला आणि वर तीन झेरॉक्स. सिराजभाई नुसते हरखून गेले. "याला म्हणतात शागीर्द! नाहीतर तुम्ही," असं ते नबील आणि प्रसाद या जुन्या शिष्यांना सुनावत राहिले. जेपींच्या बायकोने, सुरेखाताईंनी, मात्र एक अट घातली. मासा उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि आंघोळ केल्याशिवाय नवराही येणार नाही. त्यामुळे जेपी जे काही धरतील ते सुरैयाभाभींच्या कढईत जाईल असं ठरलं. सुरैयाभाभींनाही मी त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरा दिसलो.

पहिल्या शुक्रवारी यितीच्या किनाऱ्यावर जेपींनी आपला चकचकीत परवाना ठेवण्यासाठी माझं झाकण उघडलं आणि पिशवीची चेन ओढली. झालं! समोर कागद आल्यावर हा गृहस्थ थोडाच गप्प बसणार? एकेक काढून वाचायला लागले. नबीलचा वाचला. प्रसादचा वाचला. सगळ्यात खाली सिराजभाईंचा होता. तो वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. सिराजभाईंच्या परवान्याची मुदत संपून चौदा महिने झाले होते.

मला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. चौदा महिने मी तो कागद छातीशी धरून फिरत होतो. पण डब्याने ओरडायचं कसं? सिराजभाईंना चाळिशीनंतर बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा लावायला ते तयार नाहीत. मुदतीचा मेसेज त्यांच्या जुन्या नंबरावर गेला असणार. आणि उस्तादाला कागद कोण विचारणार?

त्याच वेळी सिराजभाई तिकडे प्रसादला ऐकवत होते, "तारीख, प्रसादमियाँ, तारीख!" जेपींनी तोंड उघडलं. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा. पुण्याचा माणूस आहे, दुसऱ्याची चूक दिसल्यावर गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. पण सिराजभाईंचा तो फुललेला चेहरा पाहून त्यांनी तोंड मिटलं. आपल्या आयुष्यात प्रथमच मिटलं असावं, कारण त्यांना ठसका लागला. कागद त्यांनी हळूच परत खाली सरकवला आणि कुणाला कळणार नाही अशा बेताने रेसिडेंट कार्डाच्या झेरॉक्सचा मोबाइलवर फोटो घेतला. गुरूला न दुखवता गुपचूप परवाना नवा करून पिशवीत ठेवायचा, असा त्यांचा बेत होता. बेत चांगला होता. फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे ओटीपी.

सोमवारी संध्याकाळी जेपी गॅरेजमध्ये येऊन बसले. एका हाताने चहा, दुसऱ्या हाताने मोबाइलवर, सिराजभाईंचा आताचा नंबर घालून, परवान्याचा अर्ज भरणं चाललं होतं. मी फळीवरून बघत होतो. त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि सिराजभाईंच्या खिशात टिंग झालं.

सिराजभाईंनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. "हा कसला नंबर आला बुवा?"

जेपी अगदी सहज म्हणाले, "सिराजभाई, तो नंबर जरा मला सांगता?"

मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. सलालाहला सिराजभाईंचा चुलतभाऊ हारून असतो. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी गोड बोलून त्याच्याकडून असाच नंबर काढून घेतला आणि त्याचं खातं धुऊन नेलं. तेव्हापासून गॅरेजच्या भिंतीवर सिराजभाईंनी कागद लावला होता: ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नये. जेपी नेमके त्या कागदाखालीच बसले होते.

"कशाला पाहिजे?" सिराजभाईंचा आवाज बदलला.

"ते मी आत्ता सांगू शकत नाही. पण तुमच्या चांगल्यासाठीच आहे."

"हारूनला पण तो चोर हेच बोलला होता! तुमच्या चांगल्यासाठी!"

"अहो, माझ्यावर विश्वास ठेवा."

"हे पण बोलला होता!"

जेपींनी चहा अर्धा टाकून काढता पाय घेतला. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण शहाण्या माणसाने एकदा वेडेपणा करायचा ठरवला की तो पद्धतशीर करतो. मंगळवारी त्यांनी फोन करून पुन्हा नंबर मागितला. सिराजभाईंनी फोन आपटला. बुधवारी, सिराजभाई आंघोळीला गेलेत हे हेरून, त्यांनी सुरैयाभाभींना गाठलं. "भाभी, सिराजभाईंच्या मोबाइलवर आत्ता एक नंबर येईल, तेवढा वाचून दाखवा. त्यांना कळू देऊ नका." भाभींना वाटलं, वाढदिवसाची काही गंमत असेल. त्या बिचाऱ्या चष्मा शोधून वाचायला लागल्या. चार आकडे झाले आणि पाचव्याला सिराजभाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

गुरुवारी सगळ्या वादी कबीरला बातमी झाली. विमा कंपनीतला जेपी म्हणजे पक्का फ्रॉड, गोड बोलतो आणि घरात घुसून ओटीपी काढतो. ज्याला त्याला सिराजभाई हेच सांगत होते. सांगताना मात्र त्यांचा आवाज चिरकायचा. रागावलेल्या माणसाचा आवाज मला ठाऊक आहे, हा तो नव्हता. त्या माणसावर त्यांचा फार जीव बसला होता, तो फसवतोय हे त्यांना सहन होत नव्हतं. शेवटी त्यांनी निरोप धाडला, "उद्यापासून माझ्या डब्याला हात लावायचा नाही."

मी फळीवर तडफडत होतो. सगळं गुपित माझ्या झाकणात आणि मी मेला मुखदुर्बळ! एकदा तर झाकण आपटून घ्यावं असं वाटलं. पण तेही वाऱ्याशिवाय जमत नाही.

शुक्रवार उजाडला. यितीच्या वाळूवर सिराजभाई, नबील आणि प्रसाद तंगूस सोडून बसले. पन्नास-साठ पावलांवर जेपी एकटेच उभे होते. हातात गळाची नवीकोरी काठी होती आणि ती नीट फेकायला शिकायच्या आधीच कॉलेजातून नाव कमी झालेलं. त्यांनी एकदा फेकली, गळ टोपीत अडकला आणि टोपी पाण्यात गेली. नबील हसला. सिराजभाई हसले नाहीत. पुटपुटले, "खांद्यावरून नको रे, कमरेतून फेक." पण जेपींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नाही.

आणि त्याच वेळी परवाने तपासणारी गाडी आली.

तिच्यातून एक तरुण ओमानी अधिकारी उतरला आणि आधी जेपींकडे गेला. हिंदीत म्हणाला, "सलाम अलैकुम. लायसन्स दिखाओ."

मित्रांनो, माझ्या अंगातला बर्फ पाणी झाला. जेपींचा परवाना माझ्या झाकणात होता! त्यांनी फक्त बोट दाखवायचं होतं. मग अधिकारी इथे येणार, चेन ओढणार, सगळे कागद बघणार, आणि सगळ्यात खालचासुद्धा. जेपींनी माझ्याकडे पाहिलं. सिराजभाईंकडे पाहिलं. लाल सिग्नलला रस्ता मोकळा असला तरी थांबणारा तो माणूस. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "नहीं है. लायसन्स नहीं है मेरे पास."

अधिकाऱ्याने वही उघडली. वारा आमच्याकडेच वाहत होता, शब्द न् शब्द इथे ऐकू आला.

इकडे सिराजभाई ताडकन उठले. "नाही म्हणतो? अरे, लॅमिनेट केलेला आहे की! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय!" नबील म्हणाला, "जाऊ द्या ना चाचा, फ्रॉडच आहे तो." सिराजभाई त्याच्यावरच कडाडले, "फ्रॉड असेल तर असेल! पण कागद असताना माझ्या शागिर्दाला कुणी बिनकागदाचा म्हणायचं नाही!" आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, बर्फासकट. ते अधिकाऱ्याला साहेब म्हणून हाका मारत वाळूतून धावत सुटले. "अर्बाब! अर्बाब! इसका कागज इधर है!"

जेपी दोन्ही हात हलवून ओरडत होते, "नको सिराजभाई! उघडू नका! तुम्हाला शपथ आहे!" मीही जमेल तेवढं झाकण घट्ट दाबून धरलं. पण मोटारीच्या दाराचं रबर ते, खटकन उघडलं. सिराजभाईंनी अख्खी पिशवीच उपसून अधिकाऱ्याच्या हातात दिली.

त्याने शांतपणे एकेक कागद पाहिला. जेपींचा पाहून म्हणाला, "ये ठीक है. फिर झूठ क्यों बोला?" प्रसादचा ठीक, नबीलचा ठीक. मग शेवटचा कागद त्याने उन्हात धरला.

"सिराज कौन?"

"मैं," सिराजभाई छाती काढून म्हणाले.

"ये खलास. चौदह महीने से खलास."

सिराजभाईंनी कागद घेतला, हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. मग ते मटकन माझ्यावर बसले. ज्यांनी सख्ख्या मेहुण्याला हात हलवत परत पाठवलं, ते चौदा महिने स्वतः बिनकागदाचे गरवत होते, तेही आपल्या शिष्यांच्या देखत. त्यांचे कान लाल झाले. मला त्यांचं वजन नेहमीपेक्षा जास्त लागलं.

मग त्यांनी मान वर केली. "म्हणून ओटीपी मागत होतास?"

जेपींनी मान हलवली.

"आणि म्हणून आत्ता खोटं बोललास?"

पुन्हा मान हलली.

"गाढवा, तोंड नव्हतं तुला? सिराज, तुझी तारीख गेली, एवढंच सांगायचं होतं ना? मी काय तुला खाल्लं असतं? मी तुला चोर म्हणून अख्ख्या वादी कबीरमध्ये बदनाम केलं रे!" आणि मित्रांनो, ते रडले. मोठ्या माणसासारखे नाही, नाक ओढत रडले. जेपींचाही चष्मा ओला झाला. प्रसादने उगाचच पाण्याकडे बघत तंगूस गुंडाळायला घेतलं.

अधिकाऱ्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याला सगळं कळलं असावं. त्याने सिराजभाईंचं नाव वहीत लिहून घेतलं, कडक समज दिली आणि नवा परवाना हातात येईपर्यंत गळाला हात लावायचा नाही असं बजावलं. "अभी भरो फॉर्म. मेरे सामने," असंही तो म्हणाला. जेपींच्या मोबाइलवर सिराजभाईंचा अर्ज अर्धा भरलेलाच होता. त्यांनी बटण दाबलं. सिराजभाईंच्या खिशात टिंग झालं.

सिराजभाई माझ्यावरून उठून उभे राहिले. त्यांनी प्रसादचा चष्मा मागून डोळ्यांवर चढवला आणि बांग द्यावी तसे खणखणीत आवाजात एकेक आकडा म्हणायला लागले.

"अहो हळू, हळू!" जेपी घाबरले. "सगळ्यांना ऐकू जातंय!"

"जाऊ दे! सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मी माझ्या भावाला देतोय!"

सगळे आकडे त्यांनी दोनदा म्हटले. दुसऱ्यांदा म्हणायची काही गरज नव्हती.

त्या शुक्रवारी उस्ताद माझ्यावर हाताची घडी घालून बसले आणि शागीर्द पाण्यात उभा राहिला. "कमरेतून फेक! कमरेतून! अरे, फाइल आहे का ती, अशी सरकवतोस?" असा गिल्ला जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली तरी चालला होता. शेवटी जेपींच्या गळाला वीतभर लांबीची शेरी मासळी लागली. त्यांनी ती दोन बोटांत धरून, डोळे मिटून, "सॉरी हं" म्हणत माझ्या पोटात ठेवली. सुरैयाभाभींनी ती तळली आणि पहिला घास सिराजभाईंना न देता आधी त्यांच्या हातात चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. झाकणाची चीर वाढते आहे, तळातून पाणी पाझरतं. एक दिवस मला टाकून देतील, त्याचं मला दुःख नाही. एकच मागणं आहे. तुम्हाला ज्यांनी शिकवलं, हाताला धरून पाण्यात उभं केलं, त्यांचीही तारीख कधी कधी उलटते. तेव्हा त्यांच्या मानापायी मनात ठेवू नका, पाठीमागून उपकारही करू नका. जवळ बसा आणि सांगा. ते चिडतील, मग चहा मागवतील. मी चौदा महिने गप्प राहिलो, कारण मला नुसतं झाकण आहे. तुम्हाला तोंड आहे.